पी व्हॅल्यू आणि घोटभर पाणी

नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत एक काचेचं कपाट असतं आणि त्याची किल्ली बहुधा रजेवर असते. आत मरून रेक्झिनमध्ये बांधलेले, पाठीवर सोनेरी अक्षरं मिरवणारे एमएससीचे प्रबंध ओळीनं उभे असतात. कुठलाही काढा. शीर्षक साधारण असं निघेल: अमुक शहरातील निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास. अमुक आणि तमुकच्या जागा भरल्या की निम्मं संशोधन झालं.

उरलेलं निम्मं असं. साठ सिस्टर गोळा करायच्या. तीस प्रश्नांचा पेपर द्यायचा, ती प्री-टेस्ट. मग फ्लिप चार्ट टांगून पाऊण तास शिकवायचं. सात दिवसांनी त्याच सिस्टरना तोच पेपर पुन्हा द्यायचा, ती पोस्ट-टेस्ट. मार्क वाढतात. न वाढून सांगतात कुणाला? शिकवलं की समजतं, हा शोध मग दरवर्षी नव्यानं लागतो. पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं मानायची सोय होते, गाइड सही करतात, बाइंडिंगवाला पैसे घेतो.

मधे एक आकृती हवीच. डावीकडच्या चौकटीत इनपुट, मधल्या चौकटीत प्रोसेस, उजवीकडे आउटपुट, आणि खालून उलटा येणारा फीडबॅकचा बाण. बर्टालन्फी नावाच्या ऑस्ट्रियात जन्मलेल्या जीवशास्त्रज्ञानं सगळ्या सजीव व्यवस्थांना लागू पडेल असा एक व्यापक सिद्धांत मांडला होता. तो इथे फ्लिप चार्टला लागू पडतो. शेवटच्या प्रकरणात सिस्टरचं वय, धर्म, वैवाहिक स्थिती आणि तिचं ज्ञान यांचा काही संबंध आहे का, ते काय-स्क्वेअर लावून पाहिलेलं असतं. लग्न झाल्यानं हात धुण्याविषयीचं ज्ञान कमी-जास्त होत नाही, हेही त्यामुळे आता शास्त्रानं सिद्ध आहे. मग शिफारस: असाच अभ्यास मोठ्या नमुन्यावर करावा.

या हिशेबात जी टी-टेस्ट वापरतात, ती काढणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर करायच्या कामावर होता. हातात मोजकेच नमुने असताना मालाची प्रत कशी ठरवायची, हा त्याचा रोजचा प्रश्न. १९०८ मध्ये त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं उत्तर छापलं. त्याच्या हिशेबावर बिअर बदलत होती. आमच्या हिशेबावर वॉर्डातली चादर बदलत नाही.

यात पोरींची थट्टा नाही. त्या ड्युटी सांभाळून डेटा गोळा करतात, टूलच्या व्हॅलिडिटीसाठी तज्ज्ञांच्या दारात ताटकळतात, एथिक्स कमिटीपुढे उभ्या राहतात. प्रश्न चुकीचा निवडायला त्यांना शिकवलेलं असतं, एवढंच.

आता त्या साठांपैकी एक सिस्टर घेऊ. पोस्ट-टेस्टमध्ये तीसपैकी सत्तावीस. प्रश्न चौदावा होता: ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये मोठ्या माणसाला भुलीआधी किती तासांपर्यंत साधं पाणी चालतं? तिनं खूण केली, दोन तास. बरोबर. त्याच रात्री तिची नाइट. ती ओव्हर घेते, उद्याच्या ओटी लिस्टवरची सात नावं काढते आणि सातही केसपेपरवर एकच ओळ लिहिते: रात्री बारापासून एनबीएम. निल बाय माउथ, तोंडाला कुलूप.

नऊ नंबरच्या कॉटवरचे हर्नियावाले काका विचारतात, "सिस्टर, सकाळी बीपीच्या गोळीपुरतं तरी घोटभर पाणी?"

"काका, तुम्ही एनबीएम आहात. चूळ भरा, पण गिळू नका हं."

काकांचा नंबर लिस्टवर पाचवा. ट्रॉली येते दुपारी सव्वादोनला. शेवटचं पाणी रात्री साडेअकराला. पावणेपंधरा तास झाले. तोवर जीभ टाळूला चिकटलेली, डोकं ठणकतंय, आणि सलाईन लावायला शीर सापडत नाही म्हणून हाताला तीनदा टोचून झालंय. काकांना चौदाव्या प्रश्नाचं उत्तर सांगू नका. बीपी आणखी चढेल.

भुलीआधी उपाशी का ठेवायचं, याला कारण आहे आणि ते चोख आहे. भुलीत घशाची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर माणूस जाऊ शकतो. भांडण पोळीभाजीबद्दल नाहीच. भांडण साध्या पाण्याबद्दल आहे, आणि ते फार जुनं आहे.

१८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. क्लोरोफॉर्मचे मोठे पुरस्कर्ते जेम्स सिम्पसन म्हणाले, दोष क्लोरोफॉर्मचा नव्हे. ती कोसळल्यावर शुद्धीवर आणायला घशात ओतलेल्या पाण्याचा आणि ब्रँडीचा. आपल्या औषधाचं नाव खराब होत असेल तर पाण्यावर ढकलावं, ही रीत तेव्हापासूनची. पुढे १८८३ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी शांतपणे लिहून ठेवलं की पोटात घन काही नसावं, पण क्लोरोफॉर्मच्या दोनेक तास आधी कपभर चहा दिलेला चांगला. (चहात दूध होतं का, ते विचारू नका. आजच्या नियमात दुधाचा चहा पाण्याच्या रांगेत बसत नाही. दूध म्हणजे अन्नच, त्याला सहा तास.)

मग १९४६ उजाडलं. न्यूयॉर्कच्या लायिंग-इन हॉस्पिटलमधले डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९३२ ते १९४५ मधल्या ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या. ६६ जणींच्या बाबतीत भुलीत पोटातलं श्वासमार्गात गेलं होतं. दोघी दगावल्या. दोघींचाही श्वास कोंडला तो घन अन्नानं. इशारा होता कळा सुरू झालेल्या बायकांबद्दल, तोही त्या काळच्या भुलीच्या तऱ्हेत. जगानं त्याचा सारांश काढला: कुणालाही, काहीही, रात्री बारानंतर नाही. सारांश काढणाऱ्यांनी मूळ लेख वाचला असता तर बरं झालं असतं, पण तेव्हाही वाचनाला वेळ नसावा.

१९८६ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत रॉजर माल्टबी आणि सहकाऱ्यांनी साधी गोष्ट केली. ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी काही पेशंटना १५० मिलिलिटर पाणी दिलं, काहींना कोरडं ठेवलं, आणि भूल दिल्यावर पोटात काय उरलंय ते मोजलं. पाणी प्यायलेल्यांच्या पोटात जास्त द्रव नव्हता. उलट कमी होता. मग एकामागून एक अभ्यास आले. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ मध्ये नियम छापला: पाण्यासारख्या निखळ द्रवाला दोन तास, हलक्या खाण्याला सहा. २००३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानं २२ चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या, तिथेही पाण्यावरचा आरोप टिकला नाही. ब्रिटनमधल्या काही रुग्णालयांत तर आता ओटीचं बोलावणं येईपर्यंत घोटघोट पाणी घेऊ देतात.

लिस्टरच्या कपापर्यंत परत यायला ११६ वर्षं लागली. तिथून नऊ नंबरच्या कॉटपर्यंत यायला अजून लागतायत.

का लागतायत? सिस्टर अडाणी आहे म्हणून? सत्तावीस मार्क आहेत तिला. खरं कारण ओटीच्या फळ्यावर आहे. एखाद्या सकाळी एक नंबरच्या पेशंटची शुगर भलतीच येते, केस पुढे ढकलली जाते. तीन नंबरचा फिटनेस सापडत नाही. दोन नंबरचे नातेवाईक सहीसाठी गावाहून निघालेले असतात, म्हणजे अजून गावातच असतात. मग काकांना एकदम वर ओढायचं ठरतं. अशा वेळी काकांनी नुकतंच पाणी घेतलेलं निघालं की भूलतज्ज्ञ थांबा म्हणतात, सर्जन ओरडतात, आणि मेमो कुणाला मिळतो? फळा खालीवर करणाऱ्याला नाही मिळत. त्यामुळे रात्री बारा ही सिस्टरची विमा पॉलिसी आहे. हप्ता काका भरतात.

पेशंटही काही कमी नाहीत. "फक्त पाणी चालेल" असं सांगितलं की पहाटे थर्मासमधून चहा येतो आणि त्यात खारी बुडते. उपाशी या म्हटलं तर साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारी माणसं आहेत, उपासाला चालते म्हणून. सरसकट बंदी सोपी वाटते ती यामुळेही.

म्हणजे अडलंय ते ज्ञानावर नाही. अडलंय ते परवानगीवर. कुठल्या पेशंटला किती वाजेपर्यंत पाणी, हे नावापुढे लिहिण्याचा अधिकार सिस्टरला नाही आणि ज्यांना आहे त्यांना सवड नाही. पण प्रबंध मात्र सगळे तिच्या डोक्यातलं ज्ञान मोजतात. का, तेही समजून घ्या. ज्ञान मोजलं की दोष सिस्टरच्या डोक्यात निघतो आणि औषध फ्लिप चार्ट असतं. कुणाचं काही बिघडत नाही. तास मोजले की दोष लिस्टमध्ये निघतो. मग सर्जन वॉर्डात किती वाजता उगवले आणि पहिला चिरा किती वाजता पडला, तेही तक्त्यात छापावं लागेल. तो तक्ता ज्यांच्यापुढे मंजुरीला जाणार, ते कोण, हे मी सांगायला नको.

खरं तर या अभ्यासाला ना अनुदान लागतं ना बर्टालन्फी. वॉर्डात एक वही ठेवायची. रकाने दोन: शेवटचा घोट किती वाजता, भूल किती वाजता. महिनाभर भरायची. मग भूलतज्ज्ञांनी आदल्या संध्याकाळी प्रत्येक नावापुढे पाण्याची वेळ लिहायची, लिस्ट पुढेमागे झाली तर ओटीनं वॉर्डाला फोन करायचा, आणि पुढचा महिना तीच वही पुन्हा भरायची. पावणेपंधराचे आठ झाले की नाही, एवढंच पाहायचं. ही प्री-टेस्ट, ही पोस्ट-टेस्ट. फरक इतकाच की इथे मार्क काकांना मिळतात.

असले प्रश्न नर्सनी विचारलेले आहेत आणि त्याची उत्तरं जगानं छापलीही आहेत. हाताला लावलेली सलाईनची सुई तीन-चार दिवसांनी बदलायचीच, दुखत असो नसो, असा नियम वर्षानुवर्षं होता. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकार्ड या नर्सनं विचारलं, चांगली चालत असलेली सुई का काढायची? क्वीन्सलंडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांची सुई ठरल्या दिवशी बदलली, निम्म्यांची गरज पडली तेव्हाच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं निघालं, सातच टक्के. २०१२ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. पेशंटचं टोचणं वाचलं, सिस्टरचा वेळ वाचला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी हाच नवा रिवाज उचलला, आणि सुईवाटे रक्तात जाणारा संसर्ग वाढताना दिसला. त्यांनी पुन्हा ठरावीक दिवशी सुई बदलायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये सगळं छापून टाकलं. ते मोजत होते म्हणून त्यांना कळलं. आपल्याकडे नवा नियम येतो तो सर्क्युलरनं, आणि जातो तो पुढच्या सर्क्युलरनं. मधे काय झालं ते कुणी मोजलेलं नसतं. पुराव्यावर चालायचं म्हणजे एकदा पुरावा बघून आयुष्यभर निवांत राहायचं, असा काहींचा समज आहे. पुराव्याचं पोथीत रूपांतर करण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

आपल्या मातीत हे जमत नाही, असं म्हणायची सोयही नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि परदेशी संशोधक यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावोगाव जाऊन तपासणी करणाऱ्या आणि नमुने घेणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविका. एचपीव्ही या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते न्यू इंग्लंड जर्नलनं छापलं. चाचणीतल्या एका गटाला तपासणी न देता नेहमीच्या सेवेवर सोडलं, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एएनएमच्या हातून जागतिक दर्जाचा पुरावा उभा राहतो, हे त्या जिल्ह्यानं दाखवून दिलंय. तिथे प्रश्न खरा होता. एएनएमना तपासणीबद्दल किती माहिती आहे, असा असता तर तोही मरून रेक्झिनमध्ये गेला असता.

आता पुराव्याचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी एक, प्रशासनासाठी. लिंडा एकन या अमेरिकन नर्स-संशोधकबाईंनी नर्सची संख्या आणि पेशंटचे मृत्यू यांचा हिशेब घातला. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा २००२ मध्ये, युरोपातल्या नऊ देशांमधल्या चार लाखांवर पेशंटचा २०१४ मध्ये. दोन्हीकडे उत्तर एकच: नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तिथे गोष्ट चाललीय सहाचे सात झाल्याची. आपल्याकडे जनरल वॉर्डात रात्री एक सिस्टर, दुसरी असली तर ट्रेनी, आणि पेशंट किती ते फ्लोअर बेड धरून मोजायचे. सिस्टरनं पुराव्यानिशी काम करावं असं सांगणारे साहेब हा पुरावा कुठल्या फायलीत ठेवतात? भरतीची जाहिरात तर दिसत नाही.

दरवर्षी १२ मेला कॉलेजात दिवे लावतात. पांढऱ्या गणवेशातल्या मुली हातात पणती घेऊन ओळीनं उभ्या राहतात, फोटो चांगला येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा कंदील सगळ्यांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या बराकीत फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण बेचाळीस टक्क्यांवर होतं, आणि मार्चमध्ये स्वच्छता आयोगाचे लोक येऊन त्यांनी गटारं उपसल्यावर ते जूनपर्यंत दोनेक टक्क्यांवर आलं. बाईंना आधी वाटत होतं की शिपाई मरतायत ते अन्न आणि सामान नीट न पोचल्यानं. युद्धानंतर विल्यम फार या संख्यातज्ज्ञासोबत आकडे मांडले तेव्हा दिसलं, मारेकरी इस्पितळाची घाण होती. त्या आकड्यांच्या तिनं पाकळ्यांसारख्या आकृत्या काढल्या आणि सरकारच्या नाकासमोर धरल्या. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला फेलो करून घेतलं, बायकांमध्ये पहिली. कंदील घेऊन बाई रात्री फिरली हे खरं, पण सरकार हललं ते आकड्यांनी.

दिव्यानंतर जी नाइटिंगेल प्रतिज्ञा म्हणतात, ती बाईंची नव्हेच. ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीनं लिहिली. त्या मूळ प्रतिज्ञेत डॉक्टरांना निष्ठेनं साह्य करण्याची शपथ आहे. डॉक्टरांना "का?" असं विचारण्याची नाही. ज्या बाईनं लष्कराच्या डॉक्टरांना आयुष्यभर हाच प्रश्न विचारून हैराण केलं, तिच्या नावावर हे खपतंय.

तर विद्यापीठाला एवढंच सांगणं आहे: पुढची पाच वर्षं शीर्षकात 'ज्ञान' हा शब्द असलेला एकही सिनॉप्सिस मंजूर करू नका. किती तास, किती सुया, किती जखमा, किती पडझडी, असं काहीतरी मोजायला लावा. गाइड मंडळींची थोडी पंचाईत होईल. होऊ दे.

आणि वाचकहो, तुमचं किंवा घरच्या कुणाचं ठरवून ऑपरेशन असेल, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा दोन प्रश्न विचारा. माझा नंबर कितवा? आणि साधं पाणी किती वाजेपर्यंत? मधुमेह असेल, पोट फुगत असेल, जळजळ होत असेल, दिवस गेलेले असतील तर ते आधी सांगा. त्यांनी अशा कारणानं नको म्हटलं तर नको. हो म्हटलं तर वेळ केसपेपरवर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. रात्री सिस्टरशी भांडू नका. वेळ लिहायचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही, तो ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मागा.